टीबी गोल्ड पॉझिटिव्ह, आणि पुढचे नऊ महिने

मंदार माझ्याकडे पहिल्यांदा आला तो जूनमध्ये, चिखलाने भरलेले बूट दाराबाहेर काढून. तो खुर्चीत बसेपर्यंत त्याची फाइल टेबलावर आलेली होती. लॅबवाले फुकट देतात तसली, निळ्या प्लास्टिकची. पहिल्याच पानावर कुणीतरी पिवळ्या हायलायटरने एक ओळ रंगवली होती: टीबी गोल्ड, पॉझिटिव्ह, १.१२. आई उभ्याउभ्याच म्हणाली, "डॉक्टर, टीबीच आहे ना? मग औषधं आजच लिहून द्या."

नाव अर्थातच बदललेलं आहे, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही. बाकी घडलं तसं लिहितोय, माझ्या चुकीसकट. ठाण्यात नौपाड्याला माझं कन्सल्टिंग आहे. मी जनरल फिजिशियन, पोटाचा स्पेशालिस्ट नव्हे. पण असे पेशंट पहिले दोन-तीन महिने आमच्यासारख्यांच्याच दारात असतात, आणि काय बिघडायचं ते बहुतेक वेळा तेव्हाच बिघडतं.

मुलगा तेवीस वर्षांचा. घर कळव्याला खारेगावात, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी पार्कात, रात्रपाळीची. आठ महिन्यांपासून बेंबीच्या खाली उजव्या बाजूला दुखायचं, जेवण झाल्यावर तासाभराने जास्त. दिवसातून तीन-चारदा पातळ होत होतं. संध्याकाळी अंग कसकसतं म्हणायचा, पण थर्मामीटर कुणी लावलेला नव्हता. तोंडात फोड येत-जात होते. वजन ५५ वरून ४७ वर आलेलं. तपासायला झोपवलं तेव्हा त्याच्या बेल्टकडे लक्ष गेलं: मूळच्या भोकांच्या पुढे घरीच खिळ्याने पाडलेली तीन वाकडीतिकडी भोकं, आणि बक्कल तिसऱ्यात. उजव्या बाजूला खाली दाबलं की तोंड वाकडं करत होता, आणि हाताला तिथे काहीतरी जाडसर लागत होतं.

हिमोग्लोबिन ९.४, अल्ब्युमिन ३.१. अंगातली सूज दाखवणारे दोन आकडे, ईएसआर ६२ आणि सीआरपी ३८, दोन्ही वाढलेले. छातीचा एक्स-रे स्वच्छ. सोनोग्राफीत लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तिथली भिंत जाड झालेली, आजूबाजूला काही गाठी.

आपल्याकडे या जागेचं दुखणं म्हटलं की पहिला टीबी आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. पण त्याच जागी बसणारा दुसरा आजार आहे क्रोनचा. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी १९३२ मध्ये १४ रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. दोन्ही आजारांत वजन उतरतं, दोन्हींत आतड्याला व्रण पडतात, दोन्हींत ते आक्रसून अरुंद होतं. मायक्रोस्कोपखाली पेशींचे जे पुंजके दिसतात, ज्यांना आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो, तेही दोन्हींत सापडतात. फरक मुळाशी आहे. टीबीत बाहेरून आलेला जंतू आतड्यात घर करतो. क्रोनमध्ये आतड्यात जन्मभर राहणाऱ्या, निरुपद्रवी बॅक्टेरियांवरच शरीर चवताळून उठतं. त्यामुळे औषधं उलट्या दिशेची आहेत. टीबीत जंतू मारायचा, क्रोनमध्ये प्रतिकारशक्तीला आवर घालायचा. टीबी असताना चुकून क्रोनचं औषध, म्हणजे स्टेरॉइड, दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो.

कोलोनोस्कोपी केली, म्हणजे दुर्बीण घालून आतडं आतून बघितलं. आदल्या रात्री आई दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर पेल्या-पेल्याने मोजून देत होती. सहाव्या पेल्याला मंदारने हात जोडले, तरी आठही पाजले तिने. म्हणून आतडं स्वच्छ दिसलं. आतड्यांच्या सांध्यावरची झडप वेडीवाकडी झालेली, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण. आणि एक गोष्ट, जिच्यावर मी तेव्हा थांबायला हवं होतं: तिथून बरंच दूर, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, चार-पाच बारीक व्रण, आणि मधला सगळा पट्टा निरोगी. असं मध्ये जागा सोडून उड्या मारत जाणं, त्यातही डाव्या बाजूला, हे क्रोनकडे बोट दाखवतं. टीबीला सहसा उजवी बाजू प्यारी.

बायोप्सीत एकच ग्रॅन्युलोमा, तोही अर्धवट. टीबीत मध्यभागी पनीरासारखा कुजलेला भाग दिसतो, तो नव्हता. तुकडा रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिला तर जंतू नाहीत, जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चर लावलं तेही पुढे निगेटिव्ह आलं. वाचणाऱ्याला वाटेल, मग टीबी नाहीच. तसं म्हणता येत नाही. आतड्याच्या टीबीत जंतू मुळात थोडे असतात, आणि या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येऊनही टीबी असल्याचं आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत थोडं थोडं होतं. वर ती पिवळी ओळ.

त्या ओळीचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण ठाण्या-मुंबईत अर्ध्याअधिक गोंधळाचं मूळ तीच आहे. टीबी गोल्ड ही टीबीचा जंतू शोधणारी तपासणी नाही. रक्त चार नळ्यांत घेतात. त्यातल्या दोन नळ्यांत टीबीच्या जंतूच्या प्रोटीनचे तुकडे लावलेले असतात, इसॅट-६ आणि सीएफपी-१० नावाची दोन प्रोटीनं. उरलेल्या दोन नळ्या पडताळणीसाठी. सोळा ते चोवीस तास अंगाच्या तापमानाला ठेवून बघतात की रक्तातल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, त्या प्रोटीनना ओळखतात का. ओळखत असतील तर त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रोटीन सोडतात, आणि तो मोजता येतो. ०.३५ च्या वर गेला की पॉझिटिव्ह. यातली हुशारी अशी की ही दोन प्रोटीनं बीसीजीच्या लसीत नाहीत, त्यामुळे लहानपणच्या लशीने ही तपासणी फसत नाही, जशी कोपराखाली हातावर टोचायची मांटू फसते. मांटूमध्येसुद्धा जंतूंच्या प्रोटीनचं मिश्रणच टोचतात, पण ते सरमिसळ असतं.

तर मंदारच्या रक्ताने सांगितलं: ही प्रोटीनं मला माहीत आहेत. कधीपासून, हे नाही सांगितलं. जंतू आज जागा आहे की झोपलेला, आतड्यात आहे की छातीतल्या एखाद्या गाठीत वर्षानुवर्षं निपचित पडलेला, हेही नाही. देशात २०१९ ते २०२१ दरम्यान जे राष्ट्रीय टीबी सर्वेक्षण झालं त्यात पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांत संसर्गाच्या अशा खुणा सापडल्या. सकाळच्या ट्रान्सहार्बरच्या डब्यातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. यातल्या बहुतेकांना टीबीचा आजार आयुष्यात कधी होत नाही. म्हणूनच चालू आजाराच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये असं आपल्या टीबी कार्यक्रमाचं सांगणं आहे, आणि तरीही ती रोज लिहिली जाते. लिहिणाऱ्यांत मीही आहे, खोटं कशाला बोलू.

रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखायच्या ज्या तपासण्या पूर्वी गल्लोगल्ली चालायच्या, त्यांवर तर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बंदीच घातली. आदल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं होतं. नसलेला टीबी दाखवायच्या आणि असलेला लपवायच्या. माझ्या उमेदवारीच्या काळात त्या रिपोर्टांवर किती जणांना सहा-सहा महिने गोळ्या दिल्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

हे सगळं मंदारच्या आईला सांगणं आलं. मी म्हटलं, "ताई, तुमच्या सोसायटीत वॉचमन वही ठेवतो ना?"

"ठेवतो की. नाव, फ्लॅट नंबर. तारीख कधी घालतो, कधी नाही."

"मग समजा वर चोरी झाली आणि वहीत एकाचं नाव सापडलं. चोरी त्यानेच केली हे वहीवरून कळेल?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "कळणार नाही. पण पोलीस पहिला त्यालाच धरतील ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वैद्यकशास्त्रसुद्धा आपल्या देशात तेच करतं. टीबी की क्रोन हे ठरत नसेल तर आधी टीबीची औषधं देऊन बघायची ही मान्य पद्धत आहे, आणि ती मला आजही पटते. टीबी समजून क्रोनच्या माणसाला गोळ्या दिल्या तर काही महिने जातात. क्रोन समजून टीबीच्या माणसाला स्टेरॉइड दिलं तर माणूस जाऊ शकतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार औषधांची एकत्र गोळी सुरू केली, ४७ किलोला रोज तीन, सकाळी उपाशीपोटी. टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद केली. लघवी केशरी होईल, घाबरू नकोस, हे सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी फोन आलाच.

औषध सुरू करण्यात चूक झाली असं मी मानत नाही. चूक सप्टेंबरात झाली.

"देऊन बघायची" यातला "बघायची" हा शब्द महत्त्वाचा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करून व्रण भरले का ते डोळ्यांनी बघायचं असतं. टीबी असेल तर व्रण भरलेले दिसतात. पेशंटला कसं वाटतंय हे पुरेसं नाही, कारण क्रोनच्या काही रुग्णांनाही टीबीच्या औषधांनी सुरुवातीला बरं वाटतं, भूक लागते, ताप थांबतो.

मंदार गणपतीच्या आधी आला तेव्हा वजन ४९.५ होतं. अंग कसकसणं बंद. दुखणं निम्मं. आई पेढे घेऊन आली होती. मी कोलोनोस्कोपीचं काढलं तर तिने आठ पेल्यांची आठवण करून दिली, आणि मंदार म्हणाला, "सर, गणपती होऊ द्या ना. घरात पाहुणे आहेत, एकच टॉयलेट." मी होऊ दिलं. गणपती झाले, नवरात्र झालं, मी विषय काढला नाही. सीआरपी ३८ वरून २१ वर आला होता. मी "उतरला" एवढंच वाचलं. औषध लागू पडलेल्या टीबीत दोन महिन्यांत तो जवळजवळ नॉर्मलला यायला हवा होता. नोव्हेंबरात तो २४ होता. कागदावर आकडा होता, माझी त्यावर सहीसुद्धा होती. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, जे आतड्यातल्या सुजेचा अंदाज देतं, ते जूनमध्ये खर्च वाढतो म्हणून मी केलंच नव्हतं, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं. त्याच्या आईच्या भाषेत सांगायचं तर वहीत नाव सापडलं म्हणून एकाला धरून आणलं, इथवर ठीक होतं. पण तो कोठडीत बसल्यावर मी तपासच बंद केला.

डिसेंबरात डोंबिवलीला चुलत बहिणीचं लग्न होतं. तिथे भेळ, वर दोन पेरू, बियांसकट. पहाटे पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरवट उलट्या, आणि वायूसुद्धा सरेना. ठाण्यातल्या एका रुग्णालयात दाखल केलं. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पायऱ्यांसारख्या पाण्याच्या रेघा, म्हणजे आतडं तुंबलेलं. नाकातून नळी, सलाइन, तीन दिवस तोंडाने काही नाही. ऑपरेशनची तयारी ठेवली होती, पण चौथ्या दिवशी आपोआप मोकळं झालं. वॉर्डात त्याने मला विचारलं, "सर, गोळी एकही चुकवली नाही मी. मग असं का?" त्याने खरंच चुकवली नव्हती.

वाशीला माझा एक गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट मित्र आहे, एमबीबीएसपासूनचा. त्याच्याकडे फाइल नेली. तो बोलला काही नाही, जूनच्या कोलोनोस्कोपीच्या फोटोंतला डाव्या बाजूचा एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. पुढचं भराभर झालं. सीटी एंटेरोग्राफीत, म्हणजे आतड्याच्या खास सीटी स्कॅनमध्ये, लहान आतड्याचा शेवटचा साधारण बारा सेंटिमीटरचा भाग जाड आणि अरुंद, त्याच्या वर आणखी एक छोटा तसाच तुकडा, त्या भागाच्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उठून आलेल्या. टीबीत दिसतात तशा मधून कुजलेल्या गाठी कुठेच नाहीत. कॅलप्रोटेक्टिन ८६०, ५० च्या आत असावं लागतं. पोट निवळल्यावर दुसरी कोलोनोस्कोपी झाली: पाच महिने टीबीची औषधं घेऊनही व्रण जागच्या जागी, काही तर आता आतड्याच्या लांबीने पसरलेले. क्रोन.

याच सुमारास मंदारचा मामा मध्ये पडला. मामा इंजिनिअर आहे, शोधून वाचणारा. त्याने परस्पर आस्का नावाची रक्ततपासणी करून घेतली होती आणि ती पॉझिटिव्ह आली होती. त्याचा राग समजण्यासारखा होता: "ही तपासणी जूनमध्येच केली असती तर सहा महिने वाचले असते की नाही?"

नसते वाचले. आस्का म्हणजे यीस्टच्या, पावाच्या खमिराच्या, कवचातल्या साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी. पाश्चात्त्य देशांतल्या क्रोनच्या रुग्णांत त्या बऱ्याचदा सापडतात, म्हणून तिथे त्यांना किंमत आहे. पण भारतात तपासून पाहिलं तर आतड्याच्या टीबीच्या रुग्णांतही त्या सापडल्या, आणि ज्या दोघांत निवड करायची त्यांच्यात भेद करायला त्या निरुपयोगी ठरल्या. व्रण पडलेल्या आतड्यातून खमीर-बॅक्टेरियांचे अंश आत झिरपणारच, मग व्रण कुणीही पाडलेला असो.

मामाचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. खमिराचं सोडा, प्रत्यक्ष बॅक्टेरियांच्या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी मोजतात म्हणे, त्याचं काय? यावर माझ्या मित्राने त्याला समोर बसवून जवळजवळ तासभर दिला. ओपीडीच्या वेळात मी त्याला इतकं बोलताना पाहिलेलं नाही.

आपल्या आतड्यात अब्जावधी बॅक्टेरिया राहतात, त्यांची प्रोटीनं हजारोंनी. निरोगी माणसाचं शरीर त्यांना ओळखतं आणि सोडून देतं. मध्ये चिकट श्लेष्माचा थर असतो, वर पहारा असतो, पण कुणी हात उगारत नाही. क्रोनमध्ये हा समजूतदारपणा संपतो. प्रतिकारशक्ती बिघडली तर ती सरसकट सगळ्यांवर तुटून पडेल असं वाटेल. तसं होत नाही. ती निवडक प्रोटीनं धरते. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या बाह्य आवरणातलं ओम्प-सी नावाचं प्रोटीन हे एक. स्यूडोमोनास फ्लोरेसेन्सशी संबंधित आय-टू हे दुसरं. आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण फ्लॅजेलिनचं.

फ्लॅजेलिन म्हणजे बॅक्टेरियाची शेपटी ज्या प्रोटीनची विणलेली असते ते. अमेरिकेत ज्यांना आपोआप आतड्याचा दाह होतो अशा उंदरांची एक जात होती. संशोधकांनी त्या उंदरांचं रक्तद्रव घेतलं, आतड्यातल्या बॅक्टेरियांची प्रोटीनं वेगवेगळी करून त्यासमोर धरली आणि विचारलं, यातलं कोण ओळखीचं? हाती लागलेल्यांत फ्लॅजेलिनचा भरणा मोठा होता. त्यातल्या एकाला सीबर-वन हे नाव मिळालं. २००४ मध्ये हे काम छापून आलं. माणसांत पाहिलं तर क्रोनच्या साधारण निम्म्या रुग्णांच्या रक्तात सीबर-वनविरुद्ध अँटिबॉडी होत्या. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत आणि निरोगी माणसांत फार कमी. पुढची पायरी मला जास्त अस्वस्थ करते: या फ्लॅजेलिनला ओळखणाऱ्या टी पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात सोडल्या, तर त्यालाही दाह झाला. म्हणजे अँटिबॉडी ही नुसती पाऊलखूण असेल, पण तिच्यासोबत चालणाऱ्या टी पेशी खरोखर तोडफोड करू शकतात. आणि ही शेपटी कुणा खुनशी जंतूची नाही. तुमच्या-माझ्या आतड्यात आयुष्यभर राहणाऱ्या बॅक्टेरियांच्या गोतावळ्यातल्याच एकाची आहे.

मामा वहीत टिपून घेत होता. म्हणाला, "मग ही करूया ना."

मित्राचं म्हणणं होतं की या टप्प्याला तिचा उपयोग नाही. निम्म्या रुग्णांत ती निगेटिव्ह येते, तेव्हा निगेटिव्ह आली म्हणून क्रोन नाही असं म्हणता येणार नाही. पॉझिटिव्ह आली तर आतडं डोळ्यांनी बघून जे कळलं त्यात भर पडणार नाही. अशा अँटिबॉडी जितक्या जास्त प्रकारच्या आणि जितक्या जास्त प्रमाणात, तितका आजार पुढे आतडं अरुंद करण्याचा, भगंदर पाडण्याचा, ऑपरेशनपर्यंत नेण्याचा संभव जास्त, हे खरं आहे. पण मंदारचं आतडं अरुंद होऊन बसलेलंच होतं. भिजून घरी आल्यावर हवामान खात्याचा अंदाज कशाला वाचायचा? शिवाय ही माहिती मुख्यतः तिकडच्या लोकांवरून जमवलेली आहे. क्रोनशी जोडलेल्या नॉड-२ या जनुकाचं उदाहरण समोर होतं. २००१ मध्ये सापडलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला, आणि त्यातले तिकडचे नेहमीचे तीन बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडतच नाहीत.

उपचारांची आखणी करताना एक अडचण आली जी मला आधी सुचली नव्हती. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की स्टेरॉइड शरीरातून भराभर बाहेर टाकलं जातं. दोन्ही एकत्र दिली तर स्टेरॉइड अर्धवट लागू पडणार. टीबीचा कोर्स संपायला तीन आठवडे होते. मित्राने तो अर्ध्यावर तोडला नाही, आणि कारण तीच पिवळी ओळ. मंदारला पुढे टीएनएफ रोखणारं इंजेक्शन लागणार हे दिसत होतं. टीएनएफ हे प्रोटीन क्रोनमध्ये आतडं जाळतं, पण तेच झोपलेल्या टीबीच्या जंतूभोवती भिंत धरून ठेवतं. पहिलं असं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. २००१ पर्यंत ते घेतल्यानंतर टीबी उसळल्याच्या ७० नोंदी एका लेखात छापून आल्या. टीबी गोल्डची खरी जागा इथे आहे: आजार ओळखायला नव्हे, अशा औषधाआधी झोपलेला जंतू आहे का हे विचारायला. मंदारच्या बाबतीत तो प्रश्न पूर्ण सहा महिन्यांच्या कोर्सने निकालात निघाला. माझ्या चुकीचा एवढाच फायदा, आणि तो मी मोजायला नको.

ते तीन आठवडे त्याने फक्त डब्यातल्या पोषक पावडरीवर काढले. ना पोळी, ना भात. डिसेंबर-जानेवारी, घरात तिळगुळाचा वास, आणि हा व्हॅनिलाच्या चवीचं द्रव दर दोन तासांनी पीत बसलेला. नुसत्या द्रव आहाराने क्रोनचा दाह उतरतो हे मुलांमध्ये चांगलं सिद्ध झालेलं आहे. त्याने बॅक्टेरियांचं खाणं बदलतं, हे त्यामागचं एक कारण मानतात. मंदारचा सीआरपी २६ वरून ११ वर आला, एकही नवी गोळी न घेता. मग कोर्स संपल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅमपासून हळूहळू उतरवत. प्रतिकारशक्तीला आवर घालणारं अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी नडट-१५ जनुकाची तपासणी केली, कारण त्यातल्या बदलाने पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात आणि हा बदल आशियाई लोकांत जास्त सापडतो. ती नॉर्मल निघाली. फेब्रुवारीच्या शेवटी टीएनएफ रोखणारं, भारतात बनणारं अडालिमुमॅब: आधी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर दोन आठवड्यांना ४०. इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. आईने फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, कढीपत्त्याच्या डब्याशेजारी, त्याला जागा केली आणि डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, हात लावू नये.

मार्चमध्ये वजन ५३, सीआरपी ४, कॅलप्रोटेक्टिन १४०. अरुंद भाग अजून आहे. सूज उतरल्यावर तो पुष्कळ मोकळा झाला, पण थोडा व्रणाच्या वणासारखा कायमचा घट्ट राहिलाय, आणि उद्या फुगा घालून तो रुंद करावा लागेल किंवा कापावा लागेल, हे मंदारला सांगितलेलं आहे. पेरू बंद. मक्याचं कणीस बंद. रात्रपाळी ऑफिसने बदलून दिली.

त्या भेटीत त्याची धाकटी बहीण बरोबर आली होती, एकोणीस वर्षांची. मामाने तिला सांगितलं होतं की अमेरिकी सैन्याने जपून ठेवलेले सैनिकांचे रक्तनमुने उघडून पाहिले तेव्हा, पुढे ज्यांना क्रोन झाला त्यांच्या रक्तात बॅक्टेरियांविरुद्धच्या अँटिबॉडी निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून होत्या. हे खरं आहे. तिने विचारलं, "मग माझं रक्त तपासायचं का?"

मी नको म्हटलं. सख्ख्या भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेकांना आजार होत नाही. अँटिबॉडी सापडली तरी त्यावर आज द्यायला औषध नाही. ती पोर एक कागद हातात घेऊन दर पोटदुखीला घाबरत बसेल. सिगारेटला हात लावू नकोस, कारण तिने क्रोनचा धोका वाढतो. पोट महिनाभर बिघडलेलं राहिलं किंवा वजन उतरलं तर ये, शौचातलं कॅलप्रोटेक्टिन करू. तिला हे उत्तर फारसं आवडलं नाही. "म्हणजे काहीच नाही करायचं," ती म्हणाली, आणि मोबाइल बघत बसली.

निघताना मंदारने फाइल मागितली. ती देण्याआधी मी पहिलं पान काढलं. टीबीचे उपचार पूर्ण झाल्यावरही टीबी गोल्ड बऱ्याचदा पॉझिटिव्हच राहते, टी पेशी इतक्या लवकर काही विसरत नाहीत. उद्या हा ठाणे सोडून दुसरीकडे गेला, नव्या डॉक्टरने फाइल उघडली, तर आधी ती पिवळी ओळच दिसणार. तिच्या खाली लाल पेनने लिहिलं: टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स जानेवारीत पूर्ण. ही तपासणी पुन्हा करू नये. खोकला, ताप किंवा वजनात घट असल्यास छातीचा एक्स-रे आणि थुंकी. खाली सही, तारीख आणि माझा मोबाइल नंबर. आईने पान हातात घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाली, "याची झेरॉक्स काढून घरीही ठेवते."